विहिरीकाठचा राजपुत्र

पातूर सोडून बस घाटाला लागली की अकोल्याचा उकाडा मागे राहतो. मेडशी, मालेगाव अशी गावे घेत रस्ता पठारावर येतो आणि दोन्ही बाजूंना मोकळी शेते सुरू होतात. दिवाळी नुकतीच झाली होती. सोयाबीन निघून गेले होते, मळणीयंत्रांनी मागे टाकलेल्या कुटाराचे ढीग बांधाबांधांवर पडले होते आणि उरलेल्या रानात तूर पिवळ्या फुलोऱ्यावर आली होती. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारले, “वाशिमले काय काम काढलं जी?” मी म्हटले, “काम असं नाही, गाव पाहायचं आहे.” त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, “मंग बालाजी पाहा. अन् पद्मतीर्थ पाहा. जुनं हाय लय.”

किती जुने, ते मला त्यांना सांगावेसे वाटत होते, पण त्यांचा थांबा आला. आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन वारल्यावर राज्याचे भाग पडले. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाला राहिली, दुसरी प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्माला स्थापली. सर्वसेन राजा होता आणि कवीही होता. प्राकृतात त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले. ते आज हरवले आहे, पण आनंदवर्धनासारख्या थोर साहित्यशास्त्रज्ञाने त्याची दखल घेतली आहे. वाशिमची वाङ्मयीन कीर्ती पुढेही टिकली. राजशेखर इ. स. 900 च्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ लिहायला बसला तेव्हा त्याने एक सुंदर कल्पना रचली. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष देशोदेशी भटकतो आहे, साहित्यविद्या ही वधू त्याच्या मागोमाग चालली आहे, आणि सगळा देश फिरून झाल्यावर त्या दोघांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. काशी नाही, उज्जयिनी नाही, आपले वाशिम. या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत ही गोष्ट मुलांना सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या पिशवीत दोन पुस्तके होती. एक दंडीचे ‘दशकुमारचरित’. दुसरी यासुशी इनोउए या जपानी कादंबरीकाराची, चीनच्या वाळवंटाकाठच्या दुनह्वांग या गावावरची कादंबरी, इंग्रजी अनुवादातली. दंडी सातव्या शतकाच्या अखेरचा, कांचीचा. इनोउए विसाव्या शतकातला, टोकियोत राहणारा. तरीही दोघांनी एकच काम केले, असे मला वाटते. ज्या राज्याची कागदपत्रे संपली, तिथे राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे त्यांनी लिहिले. दंडीने ज्या राज्याविषयी लिहिले ते वाशिमचे होते, असे मानायला भक्कम आधार आहे. म्हणून मी इथे आलो होतो.

गाव पायी हिंडावे असेच आहे. बालाजीचे देऊळ नागपूरकर भोसल्यांच्या काळातले, अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधलेले. त्याच्या जवळ देवतळे आहे. पद्मतीर्थ त्याहून जुन्या आठवणींचे. एका कोड झालेल्या राजाचे अंग या पाण्याने बरे झाले, अशी कथा इंग्रजी काळातल्या गॅझेटिअरनेही नोंदवली आहे. वत्स ऋषींनी इथे तप केले म्हणून गावाला वत्सगुल्म नाव पडले, असे पुराणकथा सांगते. मी पायऱ्यांवर बसलो तेव्हा दोन बायका दिवे सोडत होत्या आणि एक मुलगा पाण्यात खडे मारत होता. वाकाटकांची एकही भिंत, एकही खांब इथे डोळ्यांसमोर उभा नाही. जे आहे ते मातीखाली, घरांखाली, रस्त्यांखाली. ज्या घराण्याच्या प्रधानाने अजिंठ्याला लेणे खोदवले त्या घराण्याची राजधानी नजरेला काहीच देत नाही, हे सुरुवातीला मनाला लागते. मग हळूहळू लक्षात येते की या गावाचा पुरावा दगडाविटांत फारसा नाही. तो अक्षरांत आहे.

त्यातली सगळ्यात मोठी अक्षरे 1939 मध्ये सापडली. वाशिममध्ये एका घरी ताम्रपट होते. सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती, म्हणजे विंध्यसेन, याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्मातून दिलेले हे दानपत्र. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. नांदेडच्या, तेव्हाच्या नंदिकटाच्या, उत्तर भागातले आकासपद्द नावाचे एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले होते. ते पत्रे वाचले गेले आणि विदर्भाचा इतिहास एका झटक्यात बदलला. तोपर्यंत वाकाटकांची ही वेगळी शाखा होती हेच नीट कळलेले नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला झिजलेला शिलालेख या पत्र्यांच्या आधाराने पुन्हा वाचावा लागला आणि सर्वसेनाचे नाव तिथे आपल्या जागी बसले.

हे काम ज्यांनी तडीला नेले त्यांच्यात वासुदेव विष्णु मिराशी अग्रभागी होते. सिंधुदुर्गातल्या कुवळ्याचा हा माणूस नागपुरात संस्कृत शिकवता शिकवता आयुष्यभर विदर्भाचे ताम्रपट वाचत राहिला. 1957 मध्ये त्यांनी मराठीत ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ दिला आणि 1963 मध्ये वाकाटकांच्या सगळ्या कोरीव लेखांचा इंग्रजी खंड. मिराशींचे मराठी मला फार आवडते. वाक्यात एक शब्द जास्त नसतो, पण एखादे गाव नकाशावर नेमके कुठे ठेवायचे हे ठरले की त्या वाक्यातून त्यांचा आनंद लपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिस्से बोराळ्याला गेलो. वाशिमजवळचे हे खेडे. राजा देवसेनाच्या काळातला एक शिलालेख इथे मिळाला, आणि त्यावर शकाचे वर्ष स्पष्ट दिले आहे: 380, म्हणजे इ. स. 458. वाकाटक आपल्या लेखांत एरवी राजाच्या कारकिर्दीची वर्षे मोजतात, त्यामुळे हा शक हाती लागणे अभ्यासकांना किती मोलाचे वाटले असेल याची कल्पना येते. लेख सांगतो की देवसेनाचा आज्ञाकर स्वामिल्लदेव याने ‘सुदर्शन’ नावाचे तळे बांधले. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी चंद्रगुप्त मौर्याच्या काळापासून नावाजलेले एक सुदर्शन तळे होतेच. ते याच सुमारास, स्कंदगुप्ताच्या काळात, अतिवृष्टीने फुटले आणि पुन्हा बांधले गेले. म्हणजे तिकडे जुन्या सुदर्शनाचा बांध सांधला जात होता, तेव्हा इकडे वाशिमच्या रानात नव्या सुदर्शनाला तेच नाव दिले जात होते. गिरनारची बातमी स्वामिल्लदेवाच्या कानावर आली असेल का? शेताच्या बांधावरून चालताना हा प्रश्न माझ्या मनातून हटेना. शिलालेख अधिकाऱ्याचे नाव देतो, तळ्याचे देतो, वर्ष देतो. त्या माणसाच्या मनात काय होते ते देत नाही. तिथून पुढचे काम कादंबरीकाराचे.

देवसेनानंतर त्याचा मुलगा हरिषेण गादीवर आला, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. वाशिमच्या घराण्याचा हा सर्वात पराक्रमी राजा. अजिंठ्याच्या लेखात त्याच्या नावापुढे कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी देशांची रांग येते. त्याचा प्रधान वराहदेव याने सोळावे लेणे खोदवून भिक्षुसंघाला दिले. ज्या चित्रांसाठी जग आज अजिंठ्याला येते त्यातली बरीचशी याच काळात रंगली. त्या चित्रांची कीर्ती जपानपर्यंत गेली होती. आराई काम्पो हा जपानी चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत इथे येऊन लेण्यांच्या नकला काढून गेला. त्या टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि 1923 च्या मोठ्या भूकंपात जळून गेल्या.

आणि हरिषेणानंतर? काहीच नाही. त्याच्या मुलाचा ताम्रपट नाही, नाणे नाही, लेणे नाही. अजिंठ्यात अर्धवट सोडलेल्या खोल्या आहेत, नुसत्या टाकीच्या घावांनी थांबलेले खांब आहेत. एवढे मोठे राज्य एका पिढीत कसे बुडाले, याचे उत्तर वाशिममध्ये कोरलेले नाही. ते दंडीच्या गोष्टीत मिळते, असे मिराशींनी 1945 मध्ये मांडले.

‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासात त्या दहा कुमारांपैकी विश्रुत आपली हकीकत सांगतो, आणि तिच्या पोटात विदर्भाच्या राजाची गोष्ट येते. भोजवंशाचे भूषण असा पुण्यवर्मा विदर्भावर नीतीने राज्य करून वारला. त्याचा मुलगा अनंतवर्मा गुणी होता. बुद्धिमान होता, कलांत निपुण होता. फक्त दंडनीतीकडे त्याचे लक्ष नव्हते. बापाच्या वेळचा म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला एकांतात समजावतो: राजा, तुझ्याकडे सगळे आहे, पण राज्यशास्त्रावाचून बुद्धी म्हणजे आगीत न तावलेले सोने आहे. राजाला ते पटते. तो अंतःपुरात जाऊन तसे बोलूनही दाखवतो.

इथे दंडीने जे केले आहे ते वाचून मी दरवेळी थक्क होतो. विहारभद्र नावाचा एक खुशमस्कऱ्या दरबारी तिथे बसलेला आहे. गाणे, वाजवणे, दुसऱ्याचे वर्म काढणे, लाच घेणे, सगळ्यात तरबेज. तो हसतो आणि बोलायला लागतो. म्हणतो, मौर्यासाठी विष्णुगुप्ताने दंडनीती सहा हजार श्लोकांत आटोपली, ती तरी शिकायला आयुष्य पुरेल का? आणि शिकून मिळणार काय? दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ भाग. पहिल्या भागात जमाखर्च ऐकायचा, तर ऐकता ऐकताच अधिकारी दुप्पट चोरणार. चाणक्याने चोरीचे चाळीस प्रकार सांगितले, हे लोक आपल्या अकलेने त्याचे हजार करतात. मग भांडणाऱ्या प्रजेचे गाऱ्हाणे, मग जेवण, तेही विषाच्या धास्तीने. झोप नावाला. असल्या जिण्यापेक्षा, महाराज, सुख भोगा. हे उपदेश करणारे मंत्री तरी आपल्या घरी काय करतात?

हे भाषण पोकळ नाही, म्हणूनच ते भयंकर आहे. त्यातले प्रत्येक वाक्य थोडेसे खरे आहे. दंडीने खलनायकाला चांगले युक्तिवाद दिले, आणि राज्य कसे हातातून जाते ते एका दरबारी बैठकीत दाखवले. म्हातारा मंत्री काही बोलत नाही. तो घरी जाऊन विचार करत बसतो: आता हा माझ्याशी पूर्वीसारखा हसत नाही, गुपिते सांगत नाही, माझ्या शत्रूंना जवळ करतो. बापजाद्यांपासून ज्यांचे अन्न खाल्ले त्यांना सोडून जाववत नाही, आणि राहून ऐकणारे कोणी नाही. सत्तेच्या जवळ राहिलेल्या कुठल्याही प्रामाणिक माणसाचे दुःख या स्वगतात आहे.

बाजूला अश्मक देशाचा राजा वसंतभानू टपलेला आहे. तो आपल्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित याला, बापाशी भांडून आल्याच्या मिषाने, विदर्भात पाठवतो. सोबत गाणारे, नाचणाऱ्या आणि वेशांतर केलेले हेर. चंद्रपालित शिकारीला व्यायाम म्हणतो, जुगाराला मनाचा मोठेपणा म्हणतो, मद्याला शौर्य म्हणतो. राजाचे पाहून प्रजाही तशीच सैल होते. वसंतभानूचे लोक विदर्भाच्या सैनिकांना शिकारीच्या नादाने डोंगरांच्या घळीत नेतात आणि बाहेरची वाट बंद करून गवत पेटवतात. मग वसंतभानू वनवासीच्या भानुवर्म्याला चिथावून चढाई करवतो. अनंतवर्म्याच्या मदतीला त्याचे मांडलिक जमतात: कुंतलाचा, मुरलांचा, ऋषिकाचा, कोकणाचा, नाशिकचा. त्यांना वसंतभानू आतून फोडतो. लढाईच्या गर्दीत अनंतवर्मा मारला जातो. लुटीची वाटणी करताना वसंतभानू त्या मांडलिकांनाही एकमेकांशी झुंजवतो आणि विदर्भ गिळतो.

मिराशींचा मुद्दा असा: ही मांडलिकांची यादी दंडीच्या स्वतःच्या काळाची असूच शकत नाही. सातव्या शतकात सगळ्या दख्खनेवर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. ही यादी पाचव्या शतकाच्या अखेरच्या नकाशावर बरोबर बसते, आणि तो नकाशा हरिषेणाच्या साम्राज्याचा आहे. म्हणजे पुण्यवर्मा हा हरिषेण आणि अनंतवर्मा हा त्याचा मुलगा, ज्याचे खरे नाव आपल्यापर्यंत आले नाही. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा लेख आहे. तो अश्मकाच्या राजाचा मंत्री भव्विराज याचे गुण गातो. अश्मकांचा अजिंठ्यापर्यंत किती वट होता हे त्यावरून कळते. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने दंडीची हीच गोष्ट हाताशी धरून अजिंठ्याचा कालक्रम मांडला: हरिषेण 477 मध्ये गेला आणि काही वर्षांतच लेण्यांचे काम थांबले. सगळ्यांना हे मान्य नाही. कथेतल्या नावांवरून इतिहास उभा करणे काही विद्वानांना धोक्याचे वाटते, आणि त्यांचा आक्षेप गंभीर आहे. गोष्टीत वाकाटक हा शब्द नाही, वत्सगुल्म हे नाव नाही. तरीही मांडलिकांच्या यादीपाशी माझे मन मिराशींकडे झुकते. कवी राजे कल्पनेतून काढील. मोडून गेलेल्या एका विशिष्ट राजकारणाचा असा बिनचूक नकाशा त्याला कोणीतरी सांगितलेला असावा लागतो.

कोणी सांगितला असेल? दंडीच्या नावावरच्या ‘अवंतिसुंदरीकथे’त त्याच्या घराण्याची माहिती आहे. पूर्वज आनंदपूरचे, तिथून ते अचलपूरला आले. मिराशींसह काही अभ्यासक हे अचलपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातले अचलपूर मानतात. पणजोबा दामोदर हा कवी दक्षिणेत गेला आणि घराणे पल्लवांच्या कांचीत स्थिरावले. तेव्हा विदर्भाच्या शेवटच्या राजाची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या खाली आली असेल, असे मानण्यात काही ओढाताण नाही. त्याच कथेत दंडीच्या बालपणाचीही हकीकत आहे. आईवडील लहानपणीच गेले. परचक्र आले, कांचीत दुष्काळ पडला, आणि पोरका मुलगा गाव सोडून देशोदेशी हिंडला. शांतता झाल्यावर परतला.

हे वाचल्यावर विश्रुताच्या गोष्टीची सुरुवात वेगळीच दिसू लागते. कारण ती गोष्ट राजापासून सुरूच होत नाही. ती विंध्याच्या अरण्यात एका विहिरीपासून सुरू होते. सुमारे आठ वर्षांचे एक मूल विहिरीकाठी उभे आहे, भुकेने आणि तहानेने कासावीस. विश्रुताला पाहून ते भीतभीत सांगते: मला तहान लागली म्हणून आजोबा पाणी काढायला वाकले आणि आत पडले, मला त्यांना वर काढता येत नाही. विश्रुत एका वेलीने म्हाताऱ्याला वर काढतो, बांबूच्या नळीने पाणी काढून पाजतो, उंच लकुचाच्या झाडावर दगड मारून पाचसहा फळे पाडतो. खाऊन दोघांच्या जिवात जीव आल्यावर झाडाखाली बसून म्हातारा नालीजंघ सांगतो, हा कोण आहे. हा विदर्भाचा राजपुत्र भास्करवर्मा. बाप लढाईत पडला. राणी वसुंधरा मुलगी मंजुवादिनीला आणि याला घेऊन माहिष्मतीला दिराकडे, मित्रवर्म्याकडे गेली. त्याची नियत फिरली तेव्हा तिने मुलाला या म्हाताऱ्याच्या हाती दिले आणि सांगितले, याला घेऊन कुठेही जा, जिवंत ठेव.

वाशिमच्या राजगादीचा वारस आणि एक घोट पाणी. साम्राज्य बुडाले हे दंडीने आपल्याला आधी पाण्यावरून कळवले, मग राजकारणातून. स्वतः दुष्काळात हिंडलेल्या माणसालाच हे सुचेल. त्या संस्कृत गद्यावर अलंकारांचा भार किती, याविषयी पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे. या प्रसंगात भार अजिबात नाही. वेल, नळी, दगड, फळे.

आता इनोउए. 1907 मध्ये होक्काइदोतल्या असाहिकावा गावी जन्म. वडील लष्करात डॉक्टर, त्यांच्या बदल्या होत राहणार, म्हणून हे मूल इझू भागातल्या युगाशिमा या खेड्यात वाढले. सांभाळले कोणी, तर पणजोबांच्या उपपत्नीने, घराच्या मातीच्या कोठारात राहून. आईबापांपासून लांब वाढलेले हेही एक मूल. क्योतोत तो सौंदर्यशास्त्र शिकला, मग त्याने ओसाकाच्या ‘माइनिची’ वृत्तपत्रात बातमीदारी केली. 1937 मध्ये सैन्यात भरती करून उत्तर चीनमध्ये पाठवले गेले आणि बेरीबेरीने आजारी पडून काही महिन्यांतच परत आले. लेखक म्हणून नाव झाले ते चाळिशी ओलांडल्यावर: 1950 मध्ये ‘तोग्यू’ या कथेला आकुतागावा पारितोषिक मिळाले. 1957 मध्ये आलेल्या ‘तेंप्यो नो इराका’ या कादंबरीत आठव्या शतकातले तरुण जपानी भिक्षू चीनला जातात आणि गानजिन या गुरूला जपानला आणतात. वाटेत दृष्टी गमावलेला गानजिन हा तिचा गाजलेला भाग. मला मात्र त्यातला दुसराच एक भिक्षू विसरता येत नाही. तो अनेक दशके चीनमध्ये बसून नुसत्या पोथ्या उतरवतो, आणि परतताना त्या सगळ्या पोथ्यांसह समुद्रात बुडतो.

दुनह्वांगवरची ‘तोंको’ 1959 ची. तिथल्या लेण्यांत एक खोली अकराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत घालून बंद केली गेली आणि 1900 मध्ये वांग युआनलू या ताओपंथी पुजाऱ्याला ती सापडली. आत हजारो हस्तलिखिते, त्यांत 868 मध्ये छापलेले वज्रसूत्र. खोली का बंद केली, कोणी केली, याची कुठेही नोंद नाही. इनोउएंनी त्या प्रश्नात एक माणूस उभा केला. चाओ शिंगदे हा तरुण 1026 मध्ये राजधानीत परीक्षेला जातो आणि आपली पाळी येण्याची वाट पाहता पाहता झाडाखाली झोपी जातो. परीक्षा हुकते. बाजारात तांगुत जमातीच्या एका बाईमुळे त्याच्या हाती अपरिचित लिपीतला मजकूर येतो, आणि ती लिपी वाचायची या एका इच्छेने तो पश्चिमेला निघतो. शेवटी तांगुतांचे सैन्य दुनह्वांगवर येत असताना तो पोथ्या लेण्यात लपवतो. माणसे मरणार, राज्य जाणार, पोथ्या उरतील, एवढेच त्याला कळते.

इनोउएंनी ही कादंबरी लिहिली तेव्हा दुनह्वांग पाहिलेले नव्हते. त्या काळात जपानी लेखकाला तिथे जाणे सोपे नव्हते. त्यांनी ग्रंथ वाचले, क्योतोच्या अभ्यासकांना विचारले आणि लिहिले. प्रत्यक्ष पाऊल तिथे ठेवले ते 1978 मध्ये, सत्तरी उलटल्यावर. दंडीनेही वत्सगुल्म पाहिले असेल असे मानायला काही आधार नाही. दोघांनीही न पाहिलेल्या गावाबद्दल अशा जबाबदारीने लिहिले की पुढच्या अभ्यासकांना त्या गोष्टी टाळता आल्या नाहीत.

या जबाबदारीवरून इनोउएंना टीकाही सोसावी लागली. चंगीझखानावरची त्यांची ‘आओकी ओकामी’ 1960 मध्ये पुस्तकरूपाने आली. 1961 मध्ये शोहेई ओओका या मोठ्या कादंबरीकाराने तिच्यावर जाहीर हल्ला केला: ही ऐतिहासिक कादंबरी नव्हेच, साधनांना लेखकाने आपल्या कल्पनेप्रमाणे वाकवले आहे. इनोउएंचे म्हणणे असे की चंगीझखानाची जग जिंकण्याची भूक कुठून आली हे त्यांना शोधायचे होते, आणि ते साधनांत लिहिलेले नाही. मराठीत हा वाद आपल्याला परका नाही. ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘पानिपत’ वाचत वाढलेल्या वाचकांच्या घराघरांत तो होतो, आणि व्हायलाच हवा. माझे मत ओओकांच्या बाजूला थोडे जास्त झुकते. जिथे साधन बोलते तिथे लेखकाने गप्प बसावे. पण जिथे साधन संपते, हरिषेणाच्या मृत्यूनंतरच्या दुसऱ्या दिवशी, तिथे कोणीतरी बोलायला हवे. मराठी कादंबरीने शिवकाळ आणि पेशवाई भरभरून लिहिली. वत्सगुल्मासाठी अजून खूप जागा मोकळी आहे.

परतीच्या बसला वेळ होता. वाशिमच्या स्टँडवर स्पर्धापरीक्षेची पुस्तके घेऊन बसलेल्या एका तरुणाशी बोलणे निघाले. वाकाटक त्याला पाठ होते: शाखा दोन, राजधान्या, राजांची नावे, लेणी क्रमांक सोळा. मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. तो ऐकता ऐकता पुस्तक मिटून बसला. मग विचारले, “सर, ते पोरगं परत आलं का वाशिमले?”

मी त्याला जे आहे ते सांगितले. विश्रुत कपटाने मित्रवर्म्याचा काटा काढतो, देवीच्या देवळात लोकांसमोर मुलाला प्रकट करतो आणि गादीवर बसवतो. मग वसंतभानूशी शेवटचा सामना यायचा, आणि तिथेच दंडीचा मजकूर तुटतो. पुढचा भाग दुसऱ्या कोणीतरी नंतर लिहून जोडलेला आहे. त्यात अश्मकाचा राजा मारला जातो आणि मुलाला विदर्भ परत मिळतो. ताम्रपटांत असे काही नाही. हरिषेणानंतर या घराण्यातल्या कोणाचेही दानपत्र मिळालेले नाही.

“मंग वराहदेवाचं काय झालं?” त्याने विचारले. “राजा गेल्यावर प्रधान होता का जिवंत?”

हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. गोष्टीतला म्हातारा मंत्री वसुरक्षित म्हणजे वराहदेव का, हे मिराशींनी तपासले आहे का ते पाहावे लागेल, असे मी म्हटले. त्याने वही पुढे केली. मी त्यावर ‘दशकुमारचरित, उच्छ्वास आठवा’ असे लिहिले, त्याखाली मिराशींच्या ग्रंथाचे नाव लिहिले, आणि त्याने विचारल्यावरून इनोउएंचेही. अकोल्याची बस लागली होती. तो खिडकीपाशी येऊन म्हणाला की जिल्हा ग्रंथालयात मिराशी असतील तर तो उद्याच काढून बघणार आहे.